थार चिखलात रुतली, ओढताना टोइंगची रिंग तुटून काच फोडून आत आली. माझं काय चुकलं?

पवनाकाठ

मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा आणि स्पष्ट सांगा. मागच्या रविवारी तिकोन्याच्या अलीकडे एका बैलगाडीवाटेने आत गेलो होतो, आधी तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता, दोन्ही बाजूला भातखाचरं, लावणी नुकतीच उरकलेली. समोरून एक दूधवाला बाईकवर आला, त्याला वाट द्यायला म्हणून गाडी डावीकडे दाबली आणि डावी दोन्ही चाकं मऊ कडेत गेली. थार आहे, फोर बाय फोर, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही, फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर) टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. दोन मिनिटांत चाकं अर्धी आत आणि गाडी पोटावर टेकली.

मागे मित्राची छोटी एसयूव्ही होती. त्याच्या पुढच्या बंपरमध्ये स्क्रूसारखी फिरवून बसवायची रिंग असते ना, तिला पट्टा अडकवला, दुसरं टोक माझ्या मागच्या हूकला, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी हूक होते. तो रिव्हर्समध्ये झटके देऊन ओढत होता. तिसऱ्या झटक्याला ती रिंग मुळापासून तुटली आणि पट्ट्यासकट माझ्या मागच्या काचेतून आत येऊन सीटच्या पाठीत घुसली. त्या सीटवर माझा नऊ वर्षांचा भाचा बसला होता, पाच मिनिटं आधीच लघवीला म्हणून उतरला. सीटचं कापड फाटून आतला फोम दिसतोय, मी अजून ते शिवून घेतलेलं नाही, बघवतच नाही.

शेवटी वरच्या वाडीतले एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले. आधी वीस मिनिटं खोऱ्याने चिखल काढला, मग साखळी लावली, आणि गाडी अलगद निघाली. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या खाचराचा बांध मात्र आमच्या चाकाखाली फुटला.

मला पुढच्या वेळेसाठी नीट शिकायचंय. दोर कुठला, बांधायचा कुठे, आणि मुळात मी केव्हा थांबायला हवं होतं?

घाटवाट

दादा, भाचा सुखरूप आहे हे वाचून जीवात जीव आला. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चाक एकदा जागच्या जागी फिरलं आणि गाडी इंचभरही सरकली नाही, की तिथेच पाय काढायचा. त्यानंतरचा प्रत्येक फेरा म्हणजे चाकाने स्वतःसाठी खड्डा खणणं. पोट टेकलं की गाडीचं वजन चाकांवरून निघून चिखलावर येतं, मग फोर-लो असो नाहीतर मागचं लॉकिंग डिफरन्शियल असो (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, २०२० नंतरच्या थारच्या काही व्हेरियंटला आहे), चाकाखाली वजनच नसेल तर पकड कुठून येणार.

खाली उतरा, सगळ्यांना उतरवा, सायलेन्सरचं तोंड चिखलात बुडालेलं नाही ना ते बघा. बुडालं असेल तर इंजिन बंद, नाहीतर धूर गाडीत भरतो. मग खोरं. त्या मामांनी वीस मिनिटं जे केलं तेच खरं काम होतं, ट्रॅक्टर नंतर आला. ज्या दिशेला गाडी काढायची त्या बाजूने चारही चाकांपुढे हळूहळू चढत जाणारा उतार खणायचा, आणि पोटाखालचा चिखल ओढून काढायचा, विशेषतः डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधल्या गोळ्याच्या) पुढे जो ढीग साचतो तो. चिखल गाडीला खालून चिकटून धरतो, बाजूने पहार घालून फट केली की हवा आत जाते आणि ती पकड सैल होते, आवाजसुद्धा येतो तेव्हा. आणि शक्यतो आलो त्याच वाटेने मागे निघायचं, ती जमीन आपल्या चाकांनी दाबलेली असते, पुढे काय आहे ते माहीत नसतं.

मग टायरची हवा. मी रस्त्यावर ३२ पीएसआय ठेवतो, चिखलात १८ वर आणतो. टायर लांबट पसरतो आणि जमिनीला जास्त ठिकाणी धरतो. १५ च्या खाली मी जात नाही, वळवताना टायर रिमवरून सुटू शकतो. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरीवर वेग घ्यायचा नाही, त्यामुळे छोटा कंप्रेसर गाडीत हवाच.

चाकाखाली बारदान, फांद्या, पेंढा, दगड काहीही चालतं, पण टाकून झालं की माणसं चाकाच्या मागच्या आणि पुढच्या रेषेतून बाजूला. बारदान किंवा फळी चाकाखालून भसकन बाहेर फेकली जाते, माझ्या चुलतभावाच्या नडगीला तशीच लागली होती. नंतर फोर-लो, दुसरा गिअर, अगदी हलका पाय. गाडी हलायला लागली की स्टिअरिंग थोडं डावी-उजवी करत राहायचं, टायरच्या कडांना नवी माती मिळते. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा दोर काढायची वेळच येत नाही.

गोदाकाठचा

पवनाकाठ भाऊ, मी परभणीकडचा, शेतकरी आहे, घरचा ट्रॅक्टर आहे. आमच्याकडं काळी माती, तुमच्या मावळातल्या खाचरापेक्षा वेगळी जात. ओली झाली की टायरला थर थर चिकटती, खाचा भरून टायर नुसता गुळगुळीत गोळा होतो, मग कितीबी भारी टायर असू द्या. वाफसा आल्याबिगर (म्हंजी माती थोडी सुकल्याबिगर) रानात आम्ही ट्रॅक्टरबी घालत नाही. तुमची गाडी काळ्या रानात फसली आन् पाऊस थांबलेला असेल तर दोन-तीन तास ऊन खाऊ द्या, वरचा थर धरतो, निम्मं काम तिथंच होतं.

आता ट्रॅक्टरचं, कारण हे शहरातल्या लोकांना कुणी सांगत नाही. दोर किंवा साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या हूकलाच लावायची, जिथं ट्रॉली जोडतेत तिथं. वर, टॉपलिंकला (मागच्या वरच्या दांड्याला) किंवा सीटच्या लेव्हलला कधीच नाही. वरून ओढलं आन् गाडी हलली नाही तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आन् सगळा ट्रॅक्टर मागं ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. ते एवढं पटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर कोरड्या टणक जागेवर उभा, गाडीच्या सरळ रेषेत, आधी साखळी हळू ताणून घ्यायची आन् मग लो गिअरमध्ये ओढत राहायचं. तुमच्या मामांनी तसंच केलं असणार, म्हणून अलगद निघाली.

पर्थवाला_सातारकर

मूळचा सातारचा, आता बारा वर्षं ऑस्ट्रेलियात. इथे वाळू आणि चिखलातून गाड्या काढणं हे आमचं दर शनिवार-रविवारचं आहे, त्यामुळे दोराबद्दल मी लिहितो.

तुमची खरी चूक ती रिंग. ती स्क्रूची रिंग बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढून नेण्यासाठी असते. रुतलेली गाडी उपसताना तिच्यावर कित्येक पट जोर येतो, आणि बाजूने थोडा जरी ताण आला तरी ती वाकते. ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी खाली जे लोखंडी डोळे दिलेले असतात तेही यासाठी नाहीत, आणि टो-बॉल (मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) तर अजिबात नाही, तो तुटून गेल्यामुळे माणसं मेलेली आहेत. चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्टने पक्का बसवलेला, यासाठीच बनवलेला हूकच वापरायचा, आणि तो दोन्ही गाड्यांना हवा. मित्राच्या गाडीला तसा नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी वापरायचीच नाही, हे वाईट वाटलं तरी.

दुसरं म्हणजे पट्टा. टो-पट्टा जवळपास ताणत नाही, त्याने झटका दिला की सगळा धक्का हूकवर. ओढून काढायचा जो पट्टा असतो तो नायलॉनचा, साधारण २० टक्के ताणतो, आणि रबरासारखा परत येताना गाडीला बाहेर खेचतो. त्याची तुटण्याची क्षमता दोन्हींतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट हवी. फार जाड घेतला तर ताणतच नाही आणि परत तोच धक्का. टोकाला लोखंडी हूक असलेला पट्टा फेकून द्या, टोकाला शिवलेले लूप हवेत. जोडायला वजन छापलेली बो-शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी, १९ मिमीची बहुतेक ४.७५ टनाची येते), पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल सोडायची, नाहीतर ताणाखाली जाम होते. सॉफ्ट शॅकल (दोराची कडी) मिळाली तर अजून बरं, तुटली तरी हलकी असते. दोन पट्टे शॅकलने एकमेकांना कधी जोडू नका, मधला लोखंडाचा तुकडा म्हणजे तोफगोळाच.

पट्ट्याच्या मध्यावर ओलं बारदान किंवा जुनी घोंगडी टाका, तुटला तर तो खाली पडायला मदत होते. आणि माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, नऊ मीटरचा पट्टा असेल तर तेरा-चौदा मीटर, तेही बाजूला, रेषेत कुणीच नाही. दोन्ही गाड्यांत फक्त ड्रायव्हर. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना सगळ्यात आधी हाकला.

थारप्रेमी

सगळं बरोबर आहे पण झटका दिल्याशिवाय चिखलातून गाडी निघत नाही, मी दहा वर्षं असंच काढतोय, काही झालेलं नाही.

पर्थवाला_सातारकर

दादा, झटका आणि ताण यात फरक आहे म्हणून लिहितोय, राग मानू नका. नायलॉनच्या पट्ट्याला थोडी ढील देऊन जॉगिंगच्या वेगाने ओढायचं, त्याला हरकत नाही, तो त्यासाठीच आहे. पण वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, आणि न ताणणाऱ्या दोराला ती सगळी एका क्षणात हूकवर द्यावी लागते. पवनाकाठ यांचे पहिले दोन झटकेसुद्धा ठीकच गेले होते. दोनदा ओढून गाडी हलली नाही तर तिसऱ्यांदा जोर वाढवायचा नाही, परत खोरं हातात घ्यायचं.

अनघा_भटकी

एक राहिलं. बाहेर आल्यावर लगेच घराकडे सुसाट निघू नका. रिमच्या आत चिखल वाळला की साठच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि आपल्याला वाटतं अलाइनमेंट गेलं. रेडिएटरच्या जाळीतला चिखल धुवा, ब्रेक दोन-तीनदा हळू दाबून बघा. आणि पाणी एक्सलच्या वर असेल तर डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

पवनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला हा धागा पाठवला, तो त्या दिवसापासून नीट बोलत नव्हता, काल रात्री फोन केला आणि बराच वेळ बोललो. हूकवाला पट्टा कापून टाकला. छोटं खोरं, चार बारदानं आणि हवेचं मीटर घेतलं, पट्टा आणि शॅकल वजन बघून घेणार. मागच्या हूकचे बोल्ट गॅरेजमध्ये उघडून तपासले, ठीक आहेत.

शनिवारी भाच्याला घेऊन परत तिकोन्याला जातोय, गाडी डांबरीवरच लावून चालत. मामांना फोन केला होता, बांध लावायला या म्हणाले, पाणी वाहून चाललंय खालच्या खाचरात.