सर्जन चिडले, तर आधी कॉफी की आधी मेमो?

विभागप्रमुख:
गेल्या महिन्यात ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) चुकीचा क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, हातात आला म्हणून आमच्या वरिष्ठ सर्जननी तो ट्रेवर आपटला आणि स्क्रब सिस्टरना (टेबलाशी हत्यारं देणाऱ्या नर्सना) सगळ्यांसमोर नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना केबिनमध्ये बोलावून घडलं तेवढंच सांगितलं: "सर, तुम्ही क्लॅम्प आपटलात, त्यानंतर सिस्टर काउंट सांगताना अडखळल्या." (काउंट म्हणजे हत्यारं आणि गॉजची मोजणी.) स्वभावावर एक अक्षर नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पद्धतीत हीच पहिली पायरी, कपभर कॉफीवर होईल असं बोलणं. पुन्हा पुन्हा घडलं तर नोंदी दाखवायच्या, मग शिस्तभंग. बहुतेक जण पहिल्या बोलण्यातच सावरतात असा माझा अनुभव. (अंगावर फेकलं असतं तर कॉफी नाही, थेट कारवाई.)

रात्रपाळी:
असहमत. त्यांना कॉफी आणि आम्हाला मेमो? वॉर्डबॉयनं आवाज चढवला की त्याच संध्याकाळी लेखी खुलासा मागता. जॉइंट कमिशननं (अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) २००८ मध्ये रुग्णालयांना बजावलं होतं की वागणुकीचे नियम हुद्दा न बघता सगळ्यांना सारखे लावा. आणि सर, त्या सिस्टरशी कोण बोललं?

जुना_सर्जन:
रक्त थांबत नसताना 'कृपया' म्हणत बसायचं का? सलग ड्युटी लावणाऱ्या प्रशासनाला कोण मेमो देणार? आणि निनावी तक्रारपेटी आली की जुने हिशेबही चुकते होतात, हे पाहिलंय मी.

भूलवाली:
ड्युटीचं पटलं. पण सर, 'क्लॅम्प!' असं ओरडणं वेगळं आणि 'अक्कल आहे का' वेगळं. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ पथकांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ खोटं, सराव खरा. ज्यांना पाहुण्या तज्ज्ञाचे हिणवणारे शेरे ऐकावे लागले, त्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. एकमेकांना माहिती देणं, मदत मागणं कमी झालं होतं.

जुना_सर्जन:
मॅडम, पुतळ्यावरचा सराव आणि माझं टेबल एक नाही. तरी... हो, माझ्या ओटीत कुणी फारसं बोलत नाही. मला ती शिस्त वाटायची.

विभागप्रमुख:
@रात्रपाळी, सिस्टरशी बोललो नाही. चुकलंच. उद्या जातो. वॉर्डबॉयलाही आधी कॉफीच मिळायला हवी, मान्य. पण सर्जनना पहिल्याच वेळी मेमो, हे अजूनही पटत नाही.

रात्रपाळी:
ठीक. त्या वेळी तुम्ही ओटीत होतात?

विभागप्रमुख:
होतो. काउंट पूर्ण झाला की बोलू म्हटलं, आणि राहूनच गेलं.