नोकरी कधी सोडावी, मोटरहोम कधी घ्यावे

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार. आपण अमेरिकेतील नोकरी लवकर सोडून मोटरहोमने (राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीने) बराच देश पाहिलात आणि आता वर्षाचा मोठा भाग जळगावला असता, म्हणून आपल्यालाच विचारते. मंडळातील इतरांनाही उपयोग होईल. मी सध्या अमेरिकेहून अमळनेरला आईकडे आले आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये मला ५५ वर्षे पूर्ण होतील आणि यजमान ५८ वर्षांचे आहेत. येत्या ३१ डिसेंबरला दोघांनीही नोकरी सोडावी, घर विकावे आणि त्या पैशांतून मोटरहोम घ्यावे, असा बेत आहे. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के आणि पुढे तीच रक्कम महागाईनुसार वाढवून काढायची, या हिशेबाने पुंजी पुरते. आईचे म्हणणे एवढेच की, चांगले घर असताना गाडीत का राहायचे आणि आजारी पडलात तर कुठे जाल.

आपली,
अमळनेरची भगिनी

*

ताई, नमस्कार.

मातोश्रींचा दुसरा प्रश्न तुमच्या चार टक्क्यांहून महत्त्वाचा आहे. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा, ६५ व्या वर्षी सुरू होते. तोवर तुम्हाला दहा आणि यजमानांना सात वर्षे स्वतःच विमा घ्यावा लागेल. नोकरीतून विमा नसलेल्यांना जेथून तो स्वतः घेता येतो, त्या सरकारी बाजारपेठेतील विम्याचे अनुदान उत्पन्नावर ठरत असल्याने, कोणत्या वर्षी कोणत्या खात्यातून किती रक्कम काढता यावर हप्ता कमी-जास्त होतो. शिवाय त्यांतील पुष्कळ योजनांचे डॉक्टर ठरावीक भागापुरते असतात आणि बाहेर केवळ तातडीचे उपचार मिळतात. कायम फिरणारे अनेक जण राज्याचा आयकर नसलेल्या साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा येथे पत्ता करतात, परंतु तो ठरवताना कराइतकेच तेथे मिळणाऱ्या विम्याकडेही पाहावे. पुढे मेडिकेअर मिळाले तरी भारतातील उपचारांना ते उपयोगी पडत नाही. भरिताच्या दिवसांत खानदेशात येऊन राहणाऱ्या आपल्यासारख्यांना येथला विमा वेगळा घ्यावा लागतो.

राजीनाम्याची तारीख मात्र बदलाच. ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातून, साडेएकोणसाठ वर्षांच्या आत पैसे काढल्यास आयकराखेरीज १० टक्के दंड बसतो. परंतु ज्या वर्षात ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली, तर त्या नोकरीच्या ४०१(के) ला हा दंड लागत नाही. वाढदिवस उलटून गेलेला असण्याची गरज नाही, वर्ष तेच असले म्हणजे झाले. म्हणजे तुम्ही ३१ डिसेंबरला निघालात तर सवलत गेली, जानेवारीत निघालात तर मिळाली. नंतर कोणी सुचवले म्हणून ती रक्कम आयआरए या स्वतःच्या नावे उघडायच्या निवृत्ती-बचत खात्यात हलवू नका, कारण तेथे पुन्हा साडेएकोणसाठची अट येते. थोडी थोडी रक्कम काढता येते का, हेही कंपनीच्या योजनेत आधीच पाहून घ्या. प्रत्येक योजना ती मुभा देत नाही.

चार टक्क्यांचा आकडा अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी काढला होता. तुम्हाला चाळीस वर्षांचा विचार करावा लागेल, तेव्हा तो थोडा खालीच धरा. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा, हिशेब तर आपल्यासारख्या अमेरिकेत मागाहून आलेल्यांना हमखास चकवतो: रक्कम सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते आणि तेवढी वर्षे भरली नाहीत तर उरलेल्या जागी शून्य धरतात. तिशीत येऊन पंचावन्नला थांबणाऱ्याच्या खात्यात अशी दहा शून्ये असतात. सरकारी पत्रकातील अंदाज तुम्ही पुढेही तेवढीच कमाई करत राहाल असे धरून दिलेला असतो, तो पाहून निर्धास्त राहू नये.

घराबद्दल मी मातोश्रींच्या बाजूचा आहे. मोटरहोमची किंमत उतरतच जाते, ती गुंतवणूक नव्हे. घर भाड्याने द्या, गाडीही आधी भाड्याचीच घ्या, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, लांबलचक गाडी मागे घेणे, पावसात दोन दिवस एकाच खोलीएवढ्या जागेत राहणे हे दोघांनाही सोसते का ते पाहा. तरीही मेडिकेअरसाठी ६५ पर्यंत थांबा, असे मी म्हणणार नाही. हे काम गुडघे आणि डोळे धड असतानाच करायचे आहे. सगळा हिशेब पैशापैशाने जुळण्याची वाट पाहणारे माझ्या ओळखीचे बहुतेक जण अजून नोकरीतच आहेत.

आपला,
नाना

*

नाना,

आपले पत्र आईला वाचून दाखवले. घराविषयीचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मी आता जानेवारीत राजीनामा देईन. यजमान आणखी वर्षभर नोकरीत राहतील, म्हणजे दोघांचाही विमा चालू राहील, आणि ते ५५ च्या पुढेच असल्याने त्यांच्या ४०१(के) चा प्रश्न येत नाही. त्यांच्या सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन पाहू. पुढे स्वतःची घेतलीच, तर आम्ही अमळनेरला असताना थंडीत नळांतले पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून ती ॲरिझोनासारख्या उबदार भागात ठेवावी लागेल. तिकडच्या सभासदांपैकी कोणी गाडी अशी ठेवत असल्यास भाडे आणि व्यवस्था कृपया येथेच कळवावी.