बिनस्वाराचा घोडा आणि बी विंगचे सिंह

चुनाविटा
परवा एका गटात मुंबईच्या काळा घोडा चौकातल्या घोड्याचा फोटो टाकून कुणीतरी लिहिलं, 'इमारतीपुढे प्राणी उभा केला की शोभा येते, ही आपली वेरूळपासूनची परंपरा.' खाली बदामांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

वेरूळचं नाव घ्यायचं तर आधी कैलास लेण्याच्या जोत्यापाशी उभं राहा. हत्ती आणि सिंहांनी अख्खं देऊळ पाठीवर घेतलंय. ते मनातल्या मनात काढून बघा, देऊळ अधांतरी लटकतं. व्हीटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. एक इंग्लंड, एक हिंदुस्थान. राग येवो की न येवो, इमारत बोलायला तिथूनच सुरुवात करते.

आणि काळा घोडा? १८७९मध्ये बसवला तेव्हा घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स होता, पैसे अल्बर्ट ससूनचे. १९६५मध्ये स्वारी राणीच्या बागेत गेली. २०१७मध्ये २५ फुटी नवा घोडा आला, पाठ रिकामी. आजूबाजूच्या एकाही इमारतीशी त्याचं देणंघेणं नाही. चौकाचं नाव रिकामं होतं, भरून टाकलं. याला शोभा म्हणायचं?

उतारू_कर्जत
हो, म्हणायचं! माझी पहिली नोकरी तिथे जवळच होती. साताऱ्याहून मामा आले, मी सांगितलं काळ्या घोड्यापाशी थांबा. बिचारे तासभर उन्हात घोडा शोधत फिरले. शेवटी एका पानवाल्यानं सांगितलं, 'घोडा गेला, नाव राहिलं.' मामांनी ते मरेपर्यंत मला ऐकवलं. तेव्हा नावाला घोडा मिळाला यातच मला आनंद आहे. आणि वर राजा नाही हे तर फारच उत्तम. श्रीहरी भोसल्यांनी घडवलाय, मराठी माणसाचं कौतुक करताना एवढं का दुखतं?

चुनाविटा
मराठी-अमराठी कुठून आलं मध्येच? शिल्पाला नावं ठेवलीच नाहीत मी. जागेबद्दल बोलतोय. वाचून उत्तर द्या.

बी_विंग_सेक्रेटरी
खरा विषय सोडून तुम्ही भलतीकडेच. प्रश्न आहे तो सोसायटीच्या गेटवरच्या सिंहांचा. आमच्याकडे रिडेव्हलपमेंट झालं आणि बिल्डरनं 'रॉयल लूक' म्हणून दोन फायबरचे सिंह फुकट दिले. फुकट! दुसऱ्या पावसाळ्यात सोनेरी रंग उतरून खालून पांढरं निघालं, सिंहाला कोड आल्यासारखं. डावीकडच्याच्या जबड्यात वॉचमन छत्री अडकवतो. मी रंगकामाचा खर्च मांडला तर ४०२वाले म्हणतात, 'सिंह कॉमन एरियात येतो का?'

उतारू_कर्जत
आमच्याकडे हत्ती आहेत. सोंडेत बल्ब.

बी_विंग_सेक्रेटरी
बल्ब लागतो तरी ना? आमच्या सिंहांच्या डोळ्यांत लाल दिवे होते. लहान मुलं रडायची म्हणून काढले. आता नुसती भोकं, त्यात मुंग्या.

नाना_ठाणे
सिंह रागीटच असावेत. नव्या संसदेवरच्या सिंहांवरून २०२२मध्ये किती आरडाओरडा केलात! साडेसहा मीटर उंच, साडेनऊ हजार किलो कांस्य. सारनाथचं मूळ शीर्ष जेमतेम ७ फुटांचं. एवढं मोठं करून खालून बघितलं तर जबडाच दिसणार. साधं गणित आहे, पण तुमच्यासारख्यांना...

चुनाविटा
'तुमच्यासारख्यांना' म्हणजे कोणाला? आणि गणितच करायचं तर पुरतं करा. सारनाथचे सिंह संग्रहालयात मांडायला घडवले नव्हते, उंच स्तंभावर होते. अशोकाच्या काळातही लोक खालूनच बघत होते. तरी ते शांत दिसतात.

नाना_ठाणे
अशोकाच्या काळात तुम्ही होतात वाटतं बघायला. (स्तंभाचं मान्य. एवढंच.)

बी_विंग_सेक्रेटरी
दोघं शांत व्हा. आमचा उजवीकडचा टेम्पोनं उडवला परवा. आतून पोकळ, वर्तमानपत्राचे बोळे निघाले.

मोराबंदर
चुनाविटा, तुमचा सिद्धांत गोड आहे, पण घारापुरीच्या हत्तीचं काय करता? तो काही देऊळ पेलत नव्हता. धक्क्याजवळ एकटा दगडी हत्ती, आणि त्याच्यावरून पोर्तुगीजांनी अख्ख्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४मध्ये विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना पडला, तुकडे झाले. पुढे राणीच्या बागेत सांधून उभा केला. लहानपणी आजोबा मला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर न्यायचे आणि त्याच्या अंगावरचे सांधे बोटानं दाखवायचे. मला ती जखम वाटायची. आत काय होतं ते आठवत नाही, हत्ती आठवतो. सांगा आता, कुठली इमारत लागली त्याला?

चुनाविटा
त्याला बेट होतं. बोटीतून उतरणाऱ्याला पहिला तोच दिसायचा, म्हणजे फाटकच की ते. राणीच्या बागेत मात्र तो पाहुण्यासारखा उभा आहे, हे तुम्हीच सांगितलंत.

मोराबंदर
मी असं काहीही सांगितलं नाही. पाहुणा असेल तर तुमच्यासाठी. आमच्या घरचा आहे तो.

चुनाविटा
बरं बाबा, हत्ती तुमचा. इमारतीवाचूनही प्राणी जागा धरतो, मान्य. घोडा मात्र मान्य नाही.

उतारू_कर्जत
मामा असते तर तुम्हाला उत्तर मिळालं असतं.

बी_विंग_सेक्रेटरी
डावीकडचा सिंह अजून धड आहे. कुणाला हवा असल्यास रविवारी दहाच्या आत येऊन न्यावा. टेम्पो स्वतःचा आणावा. छत्री वॉचमनची आहे, ती सोडून.