आल्प्सची हिवाळी सहल : काचेची गाडी की साधी गाडी?

सोनचाफा :
डिसेंबरअखेर आम्ही पाच जण स्वित्झर्लंडला निघतोय. मी, नवरा, 13 वर्षांची लेक, 8 वर्षांचा मुलगा आणि 69 वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण जायचा हट्ट त्यांचाच. पैसे मोजून ठेवलेत. नुसतं व्हिसाचं शुल्कच 405 युरो (चौघांचे 90 प्रमाणे, धाकट्याचे 45), सेवाशुल्क आणि विमा वेगळा.

माझं ठाम मत झालंय, की बर्निना एक्सप्रेस आणि ग्लेशियर एक्सप्रेस या मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाड्यांच्या नादी लागू नये. स्वित्झर्लंडमधलं कूर ते इटलीतलं तिरानो हा बर्निनाचा मार्ग, त्याच रुळांवरून वाटेत बदलून साध्या गाडीनेही जाता येतं. 65 मीटर उंचीचा लँडवासर पूल ओलांडून समोरच्या कड्यातल्या बोगद्यात तीही शिरते, 2253 मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्टेशनला तीही चढते. पर्यटकांच्या स्विस ट्रॅव्हल पासमध्ये साधी आणि पॅनोरमा दोन्हींचं भाडं येतं आणि आईबाबांसोबतच्या 16 वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट. पॅनोरमाचं आरक्षण मात्र वेगळं भरायचं, तेही माणशी. त्या पैशांत आमचा मुक्काम एका रात्रीने वाढतो. शिवाय पॅनोरमाच्या खिडक्या उघडत नाहीत, फोटोत आपलाच चेहरा काचेत दिसतो. साध्या गाडीत काही डब्यांच्या खिडक्या खाली होतात.

बोरघाट_बँकर :
शंभर टक्के सहमत. आपल्या बोरघाटात चढ 37 ला 1, तरी गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. बर्निनाला चढ 14 ला 1, आणि दातेरी रूळ नाही, नुसती चाकांची पकड! 1910 सालचं काम आहे हे. याच मार्गावर ब्रूसिओ गावाला गाडी नऊ कमानींच्या पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच रुळांखालून जाते. साध्या गाडीच्या उघड्या खिडकीतून ते वळण पाहताना थंडीने डोळ्यांत पाणी येतं, पण खिडकी लावाविशी वाटत नाही. कूरहून जाताना उजवीकडे बसा.

मायमावशी :
मला हे अजिबात पटलेलं नाही. आम्ही नाताळच्या आठवड्यात, शनिवारी, आईला घेऊन साध्या गाडीने गेलो होतो. शनिवारी स्कीवाल्यांचा आठवडा बदलतो, जुने निघतात आणि नवे येतात. माणसागणिक स्कीची लांब पिशवी, जड बूट आणि बॅग. जागा मिळेना. आई 71 वर्षांची, कूरपासून पुढे बराच वेळ दारापाशी सुटकेसवर बसून होती. लँडवासर पूल आला तेव्हा तिच्यासमोर कुणाची तरी पाठ होती. आरक्षणाच्या पैशांत काच मिळते असं तुम्ही धरून चाललात. मिळते ती खात्रीची खुर्ची. सासूबाईंना हट्टाने नेताय, तर त्यांना बसून पाहू दे ना.

सोनचाफा :
मायमावशी, हे वाचून पोटात गोळा आला. शनिवार माझ्या डोक्यातच नव्हता. पण मग मंगळवारची सकाळची गाडी धरली तर? कूरहूनच सुटते म्हणजे जागा पकडता येईल.

झुरिचकर :
इथे राहतो म्हणून लिहितो. मधल्या वारी, सकाळच्या गाडीला, 15 मिनिटं आधी फलाटावर गेलात तर जागा मिळणं कठीण नाही. पण सकाळचीच धरा. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दऱ्यांत तर त्याआधीच अंधारतं. ग्लेशियर एक्सप्रेसला मी हिवाळ्यात याच कारणाने नको म्हणतो. झेरमॅटहून सेंट मोरिट्झ आठ तास, आणि अल्बुला घाटाचा सगळ्यात सुंदर भाग शेवटी, दिवस कलल्यावर येतो.

आणि एक, रोज गाडीत बसूच नका. अल्बुलाच्या वाटेवर प्रेडा आणि बेर्गून ही दोन गावं आहेत. त्यांच्यामधला घाटरस्ता हिवाळ्यात वाहनांना बंद असतो आणि त्यावर 6 किलोमीटरची घसरगाडीची वाट करतात. बेर्गूनला घसरगाडी भाड्याने घ्यायची, आगगाडीने प्रेडाला चढायचं, घसरत खाली, पुन्हा आगगाडी. युंगफ्राउयोख या उंच डोंगरी स्टेशनच्या तिकिटापुढे हा खर्च फार कमी आहे. पास असूनही युंगफ्राउला वरच्या टप्प्याचे पैसे द्यावेच लागतात. शिखरच हवं असेल तर रिगी डोंगरावर जा, तिथली गाडी पासमध्ये येते. खाली धुकं असलं तरी वर बहुतेक वेळा ऊन असतं.

टिरोलची_सून :
पैसे मोजून ठेवलेत म्हणता आणि स्वित्झर्लंडच का? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला मुक्काम ठोका. ऑस्ट्रियन रेल्वेची स्पारशीने नावाची सवलतीची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात. एक दिवस ब्रेनर घाटातून इटलीत बोल्झानोला, एक दिवस मिटेनवाल्डच्या रस्त्याने जर्मनीत गार्मिशला. बर्फ तोच, आल्प्स तेच, जेवणाचं बिल पाहून छाती दडपत नाही. फक्त ज्या देशात जास्त रात्री राहणार, व्हिसा त्याच देशाकडे मागायचा, हे विसरू नका.

बोरघाट_बँकर :
आल्प्स तेच, पण रेल्वे ती नाही. ब्रेनर 1371 मीटरवर, मोठ्या रुळांची महत्त्वाची वाहतूकवाट. मला तिचा आदर आहे. पण मुलांनी आयुष्यभर सांगावं असं गोल फिरणं तिच्यावर नाही.

टिरोलची_सून :
मुलं आयुष्यभर काय सांगतील ते आपण ठरवू नये. माझी मुलं इन्सब्रुकच्या ट्राममधून समोर दिसलेल्या डोंगराबद्दल सांगतात.

सोनचाफा :
टिरोलची_सून, इन्सब्रुकचा हिशोब मी मांडून पाहिला. खोली आणि जेवण स्वस्त पडतं, हे खरं. पण मुलांचा प्रवास स्विस पासमध्ये फुकट होतो आणि आम्ही जेवण स्वतः करणार आहोत. कूरच्या खोलीत शेगडी आहे. मेतकूट, भाजणी, खिचडीची डाळ इथून नेतेय. त्यामुळे फरक वाटला तेवढा राहत नाही. आमचं स्वित्झर्लंड ठरलं.

काल रात्री मायमावशींचं सासूबाईंना वाचून दाखवलं आणि विचारलं, खुर्ची की खिडकी? म्हणाल्या, "मला बर्फ हातात घ्यायचाय. आठ तास काचेआड बसायला मी देवळातला नाग आहे का?" म्हणून ग्लेशियर रद्द. मंगळवारची साधी गाडी, मधला एक दिवस बेर्गूनला.

मायमावशी :
त्यांचं म्हणणं असेल तर मी कोण बोलणार. तरी परतीच्या बाजूने एका पॅनोरमाची पाच आरक्षणं करता आली तर पाहाच, येताना माणूस थकलेलं असतं. आणि तिरानोला उतरल्यावर लगेच परत फिरू नका, निदान दीड तास ठेवा. तिथे पित्झोक्केरी मिळतं. कुट्टूच्या पिठाचा पास्ता, त्यात बटाटा, कोबी आणि भरपूर चीज. मांस नसलेलं, गरम, आणि दात नसले तरी खाता येतं. आईने त्या सगळ्या दिवसातलं तेवढंच पोटभर खाल्लं होतं.

झुरिचकर :
25 आणि 26 तारखेला बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. दूध-भाजी 24 ला दुपारपर्यंत भरून ठेवा. आणि सासूबाईंच्या बुटांना लावायचे रबरी काटे विसरू नका, कूरच्या जुन्या गावातल्या फरशीवर सकाळी बर्फाची काच झालेली असते.