बिनमाणसाचं स्टेशन म्हणजे टाकून दिलेलं स्टेशन नाही!

रूळवेडा:
ब्रिटनमधल्या ज्या छोट्या उपनगरी स्टेशनांवर एकही कर्मचारी नाही ती बंदच करा, ओसाड पडलीयेत नुसती, असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. अशी कित्येक स्टेशनं मुळात बिनमाणसाचीच सुरू झाली होती. १२ ऑक्टोबर १९०३ ला ग्रेट वेस्टर्न रेल्वेने इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या खोऱ्यात स्टोनहाऊस ते चॅलफर्ड रेलमोटर सुरू केली, म्हणजे वाफेचं इंजिन आणि बसायची जागा एकाच डब्यात. त्या खोऱ्यात विजेची ट्राम येणार अशी बोलणी चालू होती, ट्राम दाराशी थांबणार आणि रेल्वेसाठी लांब चालायचं, मग रेल्वेकडे फिरकणार कोण? म्हणून गाडी थेट फाटकांपाशी थांबवायला लागले. सुरुवातीला तिथे फलाटही नव्हते, डब्याच्या पायऱ्या खाली सोडायच्या आणि चढायचं, तिकीट गार्ड देणार. मास्तर नाही, बुकिंग ऑफिस नाही, म्हणून तर एवढ्याशा वस्त्यांना गाडी मिळाली.

रोजची_आठची:
अहो पण तुम्हीच लिहिलंय की तिकीट गार्ड द्यायचा. म्हणजे माणूस होताच ना, फलाटावर नसला तरी गाडीत होता. आता बऱ्याच गाड्यांत तोही नाही, ड्रायव्हर एकटा. माझ्या स्टेशनावर तिकीट खिडकीला प्लायवूड ठोकलंय, पितळी कठडा अजून तसाच आहे, हात घासून घासून मधोमध खोलगट झालेला. बाजूला मशीन, सकाळचं ऊन सरळ स्क्रीनवर येतं आणि काही म्हणजे काही दिसत नाही. आई काठी घेऊन चालते, गाडी आणि फलाट यात वीतभर फट, तिला हात कोण देणार? मदतीचं बटण दाबलं की लांबून कुठूनतरी आवाज येतो, आवाज हात धरत नाही.

जुनी_लाईन:
आईंबद्दल पूर्ण सहमत, पण खर्चाचं पण बघा. १९६३ च्या बीचिंग अहवालात, म्हणजे ब्रिटिश रेल्वेचा खर्च कमी करायच्या अहवालात, २,३६३ स्टेशनं बंद करायला सांगितली होती. पूर्व इंग्लंडमधली ईस्ट सफोक लाईन पण जाणार होती. ती १९६६ मध्ये वाचली आणि मग चालवली कशी, तर स्टेशनांवरची माणसं काढून गाडीतच तिकीट द्यायला कंडक्टर ठेवून. प्रत्येक ठिकाणी माणूस हवाच असा हट्ट धरला असता तर आज तिथे रूळ उरले नसते.

रोजची_आठची:
आणि स्टोनहाऊस-चॅलफर्डचं काय झालं? २ नोव्हेंबर १९६४ ला ती लोकल सेवा बंद झाली, सगळे हॉल्ट, म्हणजे ते बिनमाणसाचे छोटे थांबे, गेले. तिथे तर मास्तरांचे पगार नव्हतेच! स्वस्तात चालवलं की स्टेशन वाचतं हे दर वेळी खरं नाही.

खिडकीपाशी:
२०२३ विसरू नका. इंग्लंडमधली बहुतेक तिकीट ऑफिसं बंद करायचा प्रस्ताव आला, साधारण साडेसात लाख हरकती-सूचना गेल्या आणि ३१ ऑक्टोबरला सरकारला तो मागे घ्यावा लागला. लोकांना माणूस हवाय हो, नुसतं तिकीट नकोय.

रूळवेडा:
फट आणि काठीचा मुद्दा मी धरलाच नव्हता, मान्य करतो. पण स्टेशन बंद करा हे अजूनही मान्य नाही, कारण मग तुमच्या आईंना पुढच्या स्टेशनापर्यंत न्यायला मोटार लागेल. मी मागेन ते एवढंच, की फलाट डब्याच्या पातळीला आणा आणि जिथे फलाटावर कुणी नाही तिथे थांबणाऱ्या प्रत्येक गाडीत कंडक्टर ठेवा.

रोजची_आठची:
रात्रीच्या शेवटच्या गाडीतसुद्धा?

रूळवेडा:
त्या गाडीत तर आधी.