वंशशक्ती आणि रूपांतर: खेळात खरंच फरक पडेल अशा कशा बांधाव्यात?

बालाघाटी:
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथा-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम घेऊन मराठवाड्यावर बेतलेली मोहीम लिहितोय. ५ खेळाडू, लेव्हल १ ते ६. वंश तीन: वेरूळ-देवगिरीच्या कड्यांतले पाषाणवंशी, गोदाकाठचे डोहवंशी, आणि लांडग्याचं रूप घेणारे माळवंशी. सध्या प्रत्येकाला एका गुणात +२, सगळ्यांना ६० फूट डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) आणि दिवसातून एकदा एक शक्ती आहे. वंशांची नावं अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी गत झालीय. काय काढू, काय घालू? लांडग्याचे आकडेही सुचवा.

अंधारीतली मशाल:
डार्कव्हिजन आधी काढा, निदान दोन वंशांची तरी. देवगिरी किल्ल्याची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारवाट, शत्रूला चकवायलाच केलीय. सगळ्यांना तिथं दिसलं तर ती नुसती वळणाची वाट उरते. मशाल कोण धरणार, कुणाचा हात अडकणार, उजेड पाहून पहारेकरी सावध होणार का, हे सगळे प्रश्नच मिटतात. ज्यांची ठेवाल त्यांनाही मिट्ट काळोख मंद उजेडासारखाच दिसतो, म्हणजे नजरेच्या पर्सेप्शन (काही टिपता येतंय का याच्या) चाचणीला डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा) राहतंच. हे लई टेबलांवर विसरतात.

गुणात +२ म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर +१. २० फेकींत सरासरी एकीचा निकाल बदलतो. ते कुणाला जाणवणार?

पाषाणवंशीयांना खडक वाचू द्या. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये टणक काळ्या पाषाणाचे थर, सच्छिद्र मांजऱ्या खडकाचे थर आणि कुठं कुठं मध्ये लाल मातीची पट्टी असते. १ मिनिट तळवा टेकवला की ३० फुटांच्या आतली पोकळी, पाणी आणि कच्चा सांधा कळतो. फासा नाही, दिवसाची मर्यादाही नाही. १ मिनिट म्हणजे लढाईतल्या १० फेऱ्या, तीच किंमत. फक्त मूळच्या खडकावरच चालेल असं लिहा. वेरूळच्या कैलासात चालेल, कारण ते अखंड खडकातून वरून खाली कोरलंय. नळदुर्गच्या तटावर नाही, तो रचलेला आहे.

माळावरचा:
लांडग्याकडे वळतो. आधी ड्रुइड या निसर्गमांत्रिकाच्या वाइल्ड शेपमध्ये, म्हणजे प्राण्याचं रूप घ्यायच्या शक्तीत, काय बिघडलं ते बघा. मून ड्रुइड (रूपांतरात तरबेज प्रकार) दुसऱ्या लेव्हलला तपकिरी अस्वल होतो. अस्वलाचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) ३४, आणि रूप दर शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) दोनदा, म्हणजे ६८ वरचे. त्याचे स्वतःचे असतात १७ च्या आसपास. शेजारचा फायटर (लढवय्या) मग कशाला बसलाय? म्हणून रूपाला वेगळे हिट पॉइंट देऊच नका. स्वतःचेच ठेवा, वर लेव्हलच्या दुप्पट टेम्पररी, म्हणजे आधी खर्च होणारे तात्पुरते. तिसऱ्या लेव्हलला ६, म्हणजे गॉब्लिनचा साधारण एक घाव.

बाकी असं: बोनस अ‍ॅक्शनने (फेरीतल्या जादा छोट्या कृतीने) रूप, १ मिनिट टिकतं, लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत) २ वेळा, पाचव्या लेव्हलपासून ३. वेग ४० फूट. चावा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) अधिक स्ट्रेंग्थ (ताकद), आणि लागला तर समोरच्याला पडण्याविरुद्ध स्ट्रेंग्थ सेव्ह (ताकदीवरचा बचावाचा फासा). वाचा नाही, हात नाहीत, मंत्र नाहीत. चिलखत अंगात विरतं आणि आर्मर क्लास (घाव लागायला फाशाने गाठायचा आकडा) सरळ १३. साखळी चिलखत-ढालवाला १८ वरून १३ वर येतो, त्याला दोनदा विचार करावा लागेल. हातातलं शस्त्र मात्र जमिनीवर पडतं.

पॅक टॅक्टिक्स, म्हणजे सोबती शत्रूच्या शेजारी असला की अ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा धरायचा), देऊ नका. पाच जणांच्या गटात कुणी ना कुणी शत्रूच्या शेजारी असतोच, आणि फाशावर ११ किंवा जास्त लागत असतील तिथं ५० टक्क्यांचे ७५ होतात, तेही कायमचे. पाडणं पुरे. पडलेल्यावर ५ फुटांतून मारणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज, पण लांबून बाण सोडणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हांटेज. मग लांडग्याला तिरंदाजाशी आधीच ठरवून घ्यावं लागतं, कारण रूपात बोलता येत नाही!

‘गावकरी घाबरतात’ ही किंमत धरू नका, डीएम (खेळ चालवणारा) विसरला की ती शून्य. आणि ‘भान सुटलं, पात्र डीएमकडे’ तर मुळीच नको, खेळाडू नुसता बसून राहतो.

गोदाकाठ:
डोहवंशीयांना पोहण्याचा वेग दिलात तर तो माळावर फुकट जाणार. त्यांना ओल साठवू द्या. बारवेत किंवा नदीत १० मिनिटं बुडून राहिलं की एक ‘ओल’, एका वेळी जास्तीत जास्त २. एक खर्चून सोबत्याची एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी उतरवायची. सहाव्या पातळीला मरण आणि एरवी लाँग रेस्टला एकच उतरते, त्यामुळे उन्हाळ्याच्या प्रवासात हे मोलाचं ठरतं. नकाशावर बारवा आणि आड आधीच मांडून ठेवा, काही कोरडे ठेवा. पाणी कुठं लागेल हे पाषाणवंशीच सांगेल, दोघांची सांगड आपोआप बसते.

बालाघाटी:
सगळं घेतलं, डार्कव्हिजन फक्त माळवंशीयांना ठेवली. एकच शंका: तिसऱ्या लेव्हलला लांडगा दोनदा झाला तर टेम्पररी हिट पॉइंट १२ होतील का?

माळावरचा:
नाही, ते साठत नाहीत, जुने किंवा नवे यांतले एकच ठेवता येतात. पण रूप सुटताच ते जातात ही ओळ न विसरता लिहा भाऊ. नाहीतर दाराबाहेर रूप घ्यायचं, लगेच सोडायचं, आणि चिलखतासकट ६ जास्तीचे घेऊन आत शिरायचं, ही वाट कुणी ना कुणी शोधतोच.