सीएचरूटमधून पोरगं बाहेर आलंच कसं?

कपाशीवाला (दारव्हा तालुका)
गावात माझं सेवा केंद्र आहे. संगणक एकच, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार). दिवसा सातबारा, पीकविम्याचे अर्ज. संध्याकाळी बारावीची चार पोरं लिनक्स शिकतात. लोकांची आधार कार्डं, पासबुकं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून ‘शाळा’ नावाच्या फोल्डरात वेगळं डेबियन टाकून सीएचरूट करून दिलं, म्हणजे त्यांना तेवढंच फोल्डर दिसावं. पॅकेजं टाकता यावीत म्हणून आतला रूटही (सगळे अधिकार असलेला युझर) दिला. वाटलं, आतला रूट आतच राहील.

काल एक पोरगं म्हणालं, “दादा, हे पाहा.” त्याच्या खिडकीत माझ्या स्कॅनच्या फोल्डरची यादी, सगळ्यात वर शेजारच्या काकूंचं पासबुक. त्यानं काही घेतलं नाही, आपणहून दाखवलं. पण रात्रभर डोळा लागला नाही. काकूंनी भरवशानं कागद दिले होते. काहून झालं असं?

वर्धेकर
सीएचरूट 1979 च्या सातव्या युनिक्सपासूनचं. ‘मूळ फोल्डर कोणतं’ एवढंच ते बदलतं, रूटला अडवत नाही. रूट आत नवं फोल्डर करतो, त्याला सीएचरूट करतो, पण स्वतः जागचा हलत नाही. म्हणजे धुरा, शेताची हद्द म्हणा, आत सरकला आणि तो धुऱ्याबाहेर राहिला. मग दोन टिंबं (‘..’, म्हणजे एक फोल्डर वर) देत वर-वर जातो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अडवतं ते फक्त धुऱ्यापाशी, आणि धुरा त्याच्या वाटेत येतच नाही.

कपाशीवाला
पोरानं हेच केलं, सी मधल्या आठ-दहा ओळींत. एवढी वाट बुजवली तर भागेल का?

अकोल्याचा अ‍ॅडमिन
नाही भाऊ. रूट एमकेनॉड या कमांडनं तुमच्या डिस्कची डिव्हाइस फाइल (डिस्कपर्यंत नेणारं दार) आतच तयार करेल आणि अख्खी डिस्क माउंट करेल, म्हणजे आत जोडून उघडेल. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीनं 2000 मध्ये जेल नावाची जास्त कडक सोय आणली ती यासाठीच. लिनक्सवर युझर नेमस्पेस वापरा: आतला रूट बाहेर साधा युझर ठरतो. पोरांना रूटविना चालणारं पॉडमन (कंटेनर, म्हणजे वेगळे कप्पे, चालवणारं) द्या, पॅकेजं तिथंही टाकता येतात. 2019 मध्ये रनसीत (कंटेनर सुरू करणारा प्रोग्राम) भोक सापडलं, कंटेनरमधला रूट बाहेरची रनसी फाइलच बदलू शकत होता. युझर नेमस्पेस नीट लावलेल्यांना ते बाधलं नाही.

तरी आतलं-बाहेरचं कर्नल एकच. माझं ऐकाल तर कागद त्या डिस्कवर ठेवूच नका. आणि पेनड्राइव्हवरून संगणक चालू केला की परवानग्या कोण विचारतो? वेगळी डिस्क घ्या, लक्सनं (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) कुलूप लावा, पोरं यायच्या आधी काढून कपाटात ठेवा.

कपाशीवाला
डिस्क सांगितली यवतमाळहून. तोवर शिकवणी बंद. सकाळी काकूंकडे जाऊन सगळं सांगितलं, त्यांच्यासमोर स्कॅन काढून टाकला. पोराला म्हटलं, पॉडमन तूच लाव, मी शेजारी बसतो.